दारं धरणारा सर्व्हर

अर्ज भरायला बसलं, सगळी माहिती टाकली, शेवटचं बटण दाबलं, आणि पांढऱ्या पानावर एकच ओळ आली: ‘५०२ बॅड गेटवे’. हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांनी घेतलेला असतो. आपण वैतागतो, ‘सर्व्हर डाउन आहे’ म्हणतो आणि पुन्हा बटण दाबतो. पण ती ओळ नीट वाचली तर ती बरंच काही सांगत असते. दार उघडं आहे, दारावरचा माणूसही जागेवर आहे, पण त्यानं आत हाक मारली तेव्हा आतून धड उत्तर आलं नाही, एवढा तिचा अर्थ.

आज या दारावरच्या माणसाबद्दल बोलू या. संगणकाच्या भाषेत त्याला ‘रिव्हर्स प्रॉक्सी’ म्हणतात. आपल्या शेतकरी घरांमध्ये त्याच्यासाठी एक जुना शब्द आहे, तो म्हणजे ‘दारं धरणारा’. पाटाचं पाणी शेतात सोडलं की कोणीतरी फावडं घेऊन बांधावर उभं राहतं. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बंद करायचं आणि पुढच्याचं उघडायचं. पाणी कुठे जाईल, किती जाईल, कोणाचं राहील, हे त्या फावड्यावर ठरतं.

हे समजून घ्यायला आपण कावेरीच्या काठी, तंजावरला जाऊ. तंजावर आपल्याला परकं नाही. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तिथे भोसल्यांचं राज्य उभं केलं आणि ते १८५५ पर्यंत टिकलं. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र हे सरफोजीराजे दुसरे यांच्या काळातलं. त्याच्याही दक्षिणेला, समुद्राच्या बाजूला गेलं की सेतुबावाछत्रम नावाचं गाव लागतं. रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी बांधलेल्या छत्रांची नावं त्या गावांना अजून चिकटून आहेत.

कल्लणै काय करतं?

त्रिचीच्या पूर्वेला कावेरीवर कल्लणै हा दगडी बंधारा आहे. चोळ राजा करिकालानं सुमारे अठराशे वर्षांपूर्वी तो बांधला असं मानतात. एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्यानं त्याचा अभ्यास केला आणि १८३६ मध्ये कोळ्ळिडम नदीवर नवे बंधारे बांधले. १९३४ मध्ये मेट्टूर धरण पूर्ण झालं आणि त्याच योजनेत कल्लणैपासून एक नवा कालवाही निघाला.

आज मेट्टूरहून सोडलेलं पाणी कल्लणैला पोचलं की तिथे त्याच्या वाटा फुटतात. कावेरी, वेण्णार आणि कल्लणै कालवा या तिघांतून ते त्रिभुज प्रदेशातल्या शेतांकडे जातं. पूर आला तर जास्तीचं पाणी चौथ्या वाटेनं, कोळ्ळिडममधून, समुद्राकडे काढून दिलं जातं. नदी थेट कोणाच्या शेतात शिरत नाही. आधी ती दारांपाशी येते, आणि पुढे कुठे, किती, हे दारं ठरवतात.

वेबसाइटचंही तसंच असतं. जगभरातून येणाऱ्या विनंत्या पहिल्यांदा येतात त्या वेब सर्व्हरपाशी. खरं काम, म्हणजे अर्ज तपासणं, हिशेब करणं, नोंद लिहिणं, हे मागे बसलेला ॲप्लिकेशन सर्व्हर करतो. वेब सर्व्हर विनंती घेतो, योग्य ठिकाणी पाठवतो, उत्तराची वाट बघतो आणि ते आणून आपल्या हातात देतो. पाण्यापेक्षा फरक एवढाच, की पाणी एकदा गेलं की गेलं, आणि इथे उत्तर त्याच दारातून परत येतं.

मध्ये हा माणूस कशाला हवा?

ॲप्लिकेशन सर्व्हर थेट रस्त्यावर आणून बसवला तर काय बिघडेल? एकदोन माणसं आली तर काही नाही. पण अंतिम तारखेचा दिवस डोळ्यांपुढे आणा. तंजावर जिल्ह्यात सांबा भाताच्या पीकविम्याची मुदत बहुधा नोव्हेंबरच्या मध्यावर संपते. नेमका तेव्हा ईशान्य मोसमी पाऊस जोरात असतो आणि चक्रीवादळांचाही तोच हंगाम. २०१८ मध्ये ‘गजा’ वादळ १६ नोव्हेंबरला वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आलं आणि पट्टुकोट्टै, पेरावूरणी, ओरत्तनाडू भागातल्या नारळाच्या बागा आडव्या झाल्या. अशा मुलखात एक अर्ज वेळेत पोचणं आणि न पोचणं यात सबंध वर्षाचा फरक पडू शकतो.

त्या दिवशी सेतुबावाछत्रमच्या बाजूच्या एखाद्या गावातून कोणी मोबाइलवरून कागदाचा फोटो पाठवतंय. रेंज कमी आहे. फोटो थेंबाथेंबानं वर चढतोय. ॲप्लिकेशन सर्व्हरकडे कामाला बसलेले हात मोजके असतात. त्यातला एक हात या फोटोचा शेवटचा थेंब येईपर्यंत अडकून पडला, दुसरा दुसऱ्या फोटोत, तिसरा तिसऱ्यात, की नवं काम घ्यायला कोणीच उरत नाही. साइट ठप्प होते ती पुष्कळदा अशी. काम जड असतं म्हणून नव्हे, वाट बघण्यातच सगळे गुंतलेले असतात म्हणून.

१९९९ च्या सुमारास संगणकवाल्यांत याच प्रश्नावर बरीच चर्चा झाली. एका यंत्रानं एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या, हा तो प्रश्न. रशियातल्या इगोर सिसोयेव यांनी २००२ पासून त्यावर काम केलं आणि ऑक्टोबर २००४ मध्ये ‘एंजिनएक्स’ हा वेब सर्व्हर सर्वांसाठी खुला केला. त्याची युक्ती साधी आहे. प्रत्येक पाहुण्यामागे एक माणूस उभा करायचा नाही. थोडेच कामगार, पण प्रत्येकानं हजारो जोडण्यांवर नजर ठेवायची आणि जिथे काही हालचाल झाली तिथे तेवढं काम करायचं. संथ मोबाइलचा फोटो तो स्वतःपाशी सावकाश जमा करतो. पूर्ण झाला की एका दमात आत पाठवतो. आतले हात मोकळे राहतात.

म्हणजे हा दारावरचा माणूस मुख्यतः संथ आणि दूरच्या माणसाच्या उपयोगाचा आहे. मात्र त्याला तसं सांगून ठेवलेलं असलं पाहिजे.

सांगून ठेवायचं म्हणजे काय?

समजा, ओरत्तनाडूजवळच्या एका गावातल्या मुलांनी गावासाठी छोटं ॲप केलं. शेतकऱ्यांनी कागदपत्रांचे फोटो टाकायचे, आणि कोणाचे कागद पूर्ण झाले, कोणाचे राहिले, ते एका जागी दिसायचं. भाड्यानं एक लहान सर्व्हर घेतला. ॲप चालतंय ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर. आता एंजिनएक्सच्या फाइलमध्ये काय लिहायचं? प्रत्यक्षात हे शब्द रोमन लिपीत लिहितात, आपण त्यांचा अर्थ बघू.

पहिली गोष्ट, मागचं दार बंद करा. ॲप फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकेल असं ठेवायचं. या पत्त्याचा अर्थ ‘मी स्वतः’. म्हणजे त्याच यंत्रातला वेब सर्व्हर ॲपशी बोलू शकतो, बाहेरचा कोणी नाही. रस्त्यावर फक्त ८० आणि ४४३ हे दोन क्रमांक उघडे. हे केलं नाही तर पुढच्या दारावर कडक पहारा आणि मागचं दार सताड उघडं, अशी गत होते.

दुसरी, वाट दाखवा. यासाठीची आज्ञा आहे ‘प्रॉक्सी पास’. या पत्त्यावर आलेली विनंती १२७.०.०.१ च्या ८०८० वर पाठव, एवढंच तिचं म्हणणं. अपाची वापरणाऱ्यांकडेही याच नावाची आज्ञा असते, आणि परतीच्या वाटेसाठी तिच्या जोडीला ‘प्रॉक्सी पास रिव्हर्स’. इथे एका तिरक्या रेघेनं भले भले चकतात. ‘विमा’ या भागासाठी वाट लिहिली आणि पुढच्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ दिली, तर ‘विमा’ हा शब्द गाळून उरलेला पत्ता आत जातो. रेघ दिली नाही, तर ‘विमा’सकट जातो. ॲपला यातलं काय अपेक्षित आहे ते पाहूनच लिहायचं, नाहीतर पान सापडत नाही म्हणून ४०४ येतो आणि दोष कुठे आहे ते लवकर कळत नाही.

तिसरी, कोण आलं ते आत सांगा. दारावरच्या माणसानं नुसतीच हाक मारली तर आतल्याला वाटतं, दिवसभर एकटा हाच येतोय. म्हणून प्रत्येक विनंतीबरोबर चिठ्ठी द्यायची: पाहुण्यानं कोणतं नाव विचारलं, तो कोणत्या पत्त्यावरून आला, तो कुलूपबंद वाटेनं म्हणजे ‘एचटीटीपीएस’नं आला की उघड्या वाटेनं. ही चिठ्ठी दिली नाही तर गमती होतात. ॲपला स्वतःचं नाव १२७.०.०.१ आहे असं वाटतं आणि शेतकऱ्याला पाठवलेल्या निरोपातल्या लिंकमध्ये तोच पत्ता जातो. शेतकरी ती उघडतो आणि त्याचा मोबाइल स्वतःलाच शोधत बसतो. चिठ्ठीबाबत एक सावधगिरी मात्र हवी. ‘मी अमक्या ठिकाणाहून आलो’ अशी खोटी चिठ्ठी पाहुणाही घेऊन येऊ शकतो. म्हणून ॲपनं फक्त आपल्या दारावरच्या माणसाच्या हातची चिठ्ठी मानावी.

चौथी, कुलूप लावा. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेकडून ‘एचटीटीपीएस’साठीचं प्रमाणपत्र विनामूल्य मिळतं. त्याची मुदत थोड्याच आठवड्यांची असते, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय पहिल्याच दिवशी करून ठेवावी. नाहीतर ते संपायचं नेमकं गर्दीच्या दिवशी.

पाचवी, फाइल बदलली की आधी तपासा, मग लागू करा. एंजिनएक्सला तपासणीची वेगळी आज्ञा आहे. एखादं अर्धविरामचिन्ह राहिलं असेल तरी तो ओळ क्रमांकासकट सांगतो. तपासून झाल्यावर ‘रीलोड’ करायचं, ‘रीस्टार्ट’ नको. रीलोडमध्ये चालू असलेली कामं पुरी होऊ दिली जातात आणि नव्या पाहुण्यांना नवे नियम लागतात. कोणाचा अर्ध्यावर आलेला फोटो तुटत नाही.

दोन आकडे, ज्यांच्यावर अर्ज अडतो

इथवर केलं की साइट चालते. मुलं एकमेकांच्या मोबाइलवर उघडून बघतात, टाळी देतात. खरी परीक्षा पुढेच असते. एंजिनएक्सला आपण काही सांगितलं नाही तर तो स्वतःच्या ठरलेल्या आकड्यांनी वागतो. त्यातले दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला आकडा १ एमबी. यापेक्षा मोठी वस्तू कोणी पाठवली तर तो दारातूनच परत करतो आणि ४१३ हा क्रमांक दाखवतो. आजच्या साध्या मोबाइलनं काढलेला बँक पासबुकाचा फोटोही सहज ३-४ एमबीचा असतो. गावातला माणूस फोटो काढतो, पाठवतो, नकार येतो. पुन्हा काढतो, पुन्हा नकार. फोटो ‘मोठा’ आहे हे त्याला कोणी सांगत नाही. फाइलमध्ये एका ओळीत ही मर्यादा १० एमबी केली की हा प्रश्न मिटतो.

दुसरा आकडा ६० सेकंद. आतून इतका वेळ काहीच उत्तर आलं नाही तर दारावरचा माणूस वाट बघणं सोडतो आणि ५०४ दाखवतो. गर्दीच्या दिवशी आतलं काम ६० सेकंदांपेक्षा लांबू शकतं. आकडा वाढवता येतो, पण नुसता वाढवून भागत नाही. अर्ज आला की लगेच ‘मिळाला’ अशी पावती द्यायची आणि जड काम मागाहून करायचं, हा खरा उपाय.

गर्दी फारच झाली तर? कल्लणैला जसा कोळ्ळिडम, तशी सोय इथेही असते. एका पत्त्यावरून सेकंदाला किती विनंत्या घ्यायच्या, याची मर्यादा घालता येते. जास्तीच्यांना ‘थोड्या वेळानं या’ असं सांगितलं जातं. सगळ्यांना आत घेऊन सगळंच बुडवण्यापेक्षा हे बरं. पण ई-सेवा केंद्रातून एकाच पत्त्यावरून दिवसभरात कितीतरी शेतकऱ्यांचे अर्ज जातात, हे ध्यानात ठेवून आकडा ठरवावा. नाहीतर ज्यांच्यासाठी दार बांधलं तेच बाहेर राहतील.

काम वाढलं तर मागे एकाऐवजी तीन ॲप्लिकेशन सर्व्हर बसवता येतात. मग वेब सर्व्हर पाळीपाळीनं काम वाटतो. एक बंद पडला तर दुसऱ्याकडे जातो. इथे एंजिनएक्स एक शहाणपण दाखवतो. नुसतं पान मागितलं असेल तर तो बिनधास्त दुसऱ्या सर्व्हरला विचारतो. पण अर्ज किंवा पैसे भरण्यासारखी विनंती एकदा आत पाठवून झाली असेल, तर ती आपणहून दुसऱ्याकडे पाठवत नाही. कारण पहिल्यानं काम केलं असेल आणि फक्त उत्तर पोचलं नसेल, तर पैसे दोनदा कापले जातील.

आपण मोबाइलवाल्यांनी काय करायचं?

हेच शहाणपण आपल्यालाही उपयोगी आहे. सर्व्हर मांडणं प्रत्येकाचं काम नसेल, पण पांढऱ्या पानावरचा क्रमांक वाचणं जमण्यासारखं आहे.

५०२ आला तर दार ठीक आहे, पण आतलं ॲप बहुधा बंद पडलंय. थोड्या वेळानं पुन्हा बघा.

५०३ आला तर गर्दी आहे किंवा दुरुस्ती चालू आहे. एकसारखं बटण दाबून गर्दीत भर घालू नका.

४१३ आला तर फोटो जड आहे. मोबाइलमध्येच त्याचा आकार कमी करा आणि पाठवा.

५०४ आला तर मात्र थांबा. दारावरच्यानं वाट बघणं सोडलंय, पण आतलं काम झालेलंही असू शकतं. पुन्हा अर्ज भरण्याआधी ‘माझे अर्ज’मध्ये नोंद दिसते का बघा, बँकेचा संदेश आलाय का बघा. पडद्याचा फोटो, तारीख आणि वेळ जपून ठेवा. मुदतीचा वाद झाला तर तोच पुरावा. आजी-आजोबांचे अर्ज जी नातवंडं भरून देतात, त्यांनी तर हे पाठच करावं.

आणि जी मुलंमुली उद्या असा सर्व्हर मांडतील, त्यांच्यासाठी शेवटचं एक. कालव्याच्या तोंडाशी असलेल्याला पाणी पोचतंच. वाटपाची परीक्षा होते ती शेपटाकडे, पेरावूरणीच्या पलीकडच्या शेतात. म्हणून आपल्याकडच्या कालव्यांवर काही ठिकाणी पाळी टोकाकडून सुरू करतात, त्याला ‘टेल टू हेड’ म्हणतात. तुमच्या साइटची चाचणीही तशीच करा. ऑफिसच्या वायफायवर, नव्या कोऱ्या मोबाइलवर ती चालणारच. सगळ्यात लांबच्या गावातला, सगळ्यात जुना मोबाइल घ्या, रेंजची एकच कांडी असू द्या, आणि त्यावरून ४ एमबीचा एक फोटो पाठवून बघा. तो पोचला, पावती आली, की मग म्हणा, पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत गेलं.